साइन ३० चं उत्तर उणे कसं आलं?

प्रश्न : मुलगी अकरावी विज्ञानला आहे. सहामाहीत गणितात १०० पैकी ४३. रोज रात्री तिच्याकडून त्रिकोणमितीचा तक्ता म्हणून घेतो, तरी अडखळते. एरवी एक्सेलमध्ये काहीतरी करत बसते. परवा तिथं साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ दिसलं. ते अर्धा असतं एवढंही जिला ठाऊक नाही, तिनं अभियांत्रिकीला जावं का? की कला शाखेत घालू? तिची फाइल सोबत पाठवतोय.
– एक वडील

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ४३ गुणांपेक्षा ‘रोज रात्री म्हणून घेतो’ हे मला जास्त खटकलं. दिवसभर वर्गात बसून आलेल्या मुलीची घरी पुन्हा तोंडी परीक्षा, आणि परीक्षक स्वतः बाबा. अशा वेळी येत असलेलंही आठवत नाही. हा कार्यक्रम आजपासून बंद करा. आणि कला शाखा ही गुण कमी पडल्याची शिक्षा नाही. तिथं जायचं तर ओढीनं जायचं.

आता ते उणे ०.९८८. ते उत्तर बरोबर आहे. साइनच्या कंसात नुसते ३० लिहिले की एक्सेल ते ३० अंश धरत नाही, ३० रेडियन धरतं. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. म्हणजे ३० रेडियनमध्ये चार पूर्ण फेरे होऊन वर जवळपास २७९ अंश उरतात, आणि तिथं साइनची किंमत उणेच असते. अंशातलं उत्तर हवं असेल तर आधी ‘रेडियन्स’ हे फंक्शन लावायचं, किंवा पायनं (π, म्हणजे सुमारे ३.१४) गुणून १८० नं भागायचं. तुमच्या मुलीनं त्याच्या खालच्याच ओळीत नेमकं हेच केलंय, आणि तिथं ०.५ आलंय. तुम्ही वरची ओळ पाहून उठलात.

त्याखाली तिनं ९० अंशाचा कोसाइन काढलाय. शून्याऐवजी दशांशचिन्हापुढे सोळा शून्यं आणि मग सहा असं काहीतरी आलं. पायचे अंक संपत नाहीत आणि संगणक त्यातले सुमारे पंधराच धरून ठेवतो, म्हणून हा कण मागे राहतो. तिनं त्याला ‘राउंड’ लावून शून्य केलंय. तक्ता पाठ असलेल्या किती मुलांना हे सुचलं असतं?

अभियांत्रिकीचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत : बारावीनंतर प्रवेश परीक्षा आणि पदवी, नाहीतर आधी पदविका. जमिनीचं सर्वेक्षण, नकाशे, यंत्रांची आरेखनं, गेममधली हालचाल, सगळीकडे रोजचं काम कोनांचंच असतं. त्यातलं तिला काय आवडेल हे आत्ता ठरवायची घाई नाही. गुणांसाठी तिला लेखी सराव लागेल, तो तिनं शिक्षकांकडे करावा. तुम्ही आठवड्यातून एकदा तिच्या शेजारी बसा आणि ‘हे कसं केलंस, मला समजाव’ एवढंच म्हणा.

पुढचं मुलीसाठी आहे, तिलाच वाचू द्या.

तू १०० सेंटिमीटरच्या काठीची सावली १०७.६ मोजलीस आणि सूर्याचा कोन ४२.९ अंश काढलास. पडताळ्यासाठी घेतलेला कोन ४२ अंश ५४ मिनिटं होता, तो रकान्यात ४२.५४ असा भरलास आणि शेजारी लिहिलंस, ‘माझं मोजमाप चुकलं’. अगं, एका अंशात मिनिटं ६० असतात. ५४ ला ६० नं भागून बघ. मग ते शेजारचं वाक्य खोडून टाक.