वेब फॉर्ममध्ये गावाच्या नावासाठी ऑटोकम्प्लीट टाकायचं आहे, कोणती लायब्ररी वापरावी?

कोणतीही वापरा. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये नीट बसते आणि जिची देखभाल अजून चालू आहे, अशी एखादी घ्या, दोन दिवसांत काम होईल. मला लिहायचंय ते तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल. टाइप करताना सुचवलेल्या गावांची यादी उघडली की पहिलं गाव आपोआप निवडलेलं असावं का? नसावं. बहुतेक लायब्रऱ्यांत ही सेटिंग असते, ती आधी शोधा आणि बंद करा.

काही वर्षांपूर्वी आम्ही सातारा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांच्या सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर करत होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून कागदी अर्ज यायचे आणि ऑफिसात एक ताई ते मराठीत भरायच्या. गावाच्या रकान्याचं काम माझ्याकडे होतं. माणसाने खालचा बाण दाबून गाव स्वतः निवडावं, असं माझं म्हणणं. टीम लीड म्हणाले, एका एंटरमध्ये रकाना भरला पाहिजे, ऑपरेटरचा वेळ वाचतो. डेमोत त्यांनी इंग्रजी कीबोर्डवर चार अक्षरं टाकली, एंटर मारला, गाव आलं. विषय तिथेच संपला.

तीन महिन्यांनी पशुखाद्याच्या गाड्या गावाप्रमाणे लावल्या, तेव्हा कराड तालुक्यातल्या वडगाव हवेलीच्या ४१ सभासदांची पोती खटावच्या गाडीत चढली. सिस्टीममध्ये त्यांचं गाव वडगाव जयराम स्वामी असं होतं, आणि ते खटाव तालुक्यात आहे. बैठक बसली. "बाईंचं लक्ष नसतं, टायपिंग जमत नाही," असं सगळ्यांदेखत बोललं गेलं. ताई एवढंच म्हणाल्या, "सर, मी दर वेळी हवेलीच लिहिते." मी तिथे बसलो होतो आणि काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्या खरंच हवेलीच लिहीत होत्या. फोनेटिक टायपिंगमध्ये शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा आणि स्पेस किंवा एंटर दाबला की तो मराठीत पक्का होतो. "वडगाव" त्या स्पेसने पक्का करायच्या, "हवेली" एंटरने. शब्द पक्का होईपर्यंत आमचा कोड यादी ताजी करत नव्हता, त्यामुळे समोर अजून नुसत्या "वडगाव"ची यादी असायची. अकारविल्हे ज आधी, ह शेवटी, म्हणून पहिलं नाव जयराम स्वामींचं. शब्द पक्का करणारा एंटर आमच्या कोडनेही पकडला आणि पहिलं गाव भरून टाकलं. ताईंची नजर कागदावर, रकान्यात वडगाव दिसतंय, त्या पुढच्या रकान्यात. यात त्यांचं काय चुकलं?

म्हणून एंटर आला की आधी इव्हेंटचं इजकंपोझिंग (isComposing, म्हणजे शब्द अजून पक्का व्हायचाय का) तपासा, ते खरं असेल तर तो एंटर तुमचा नाही. सफारीत कंपोझिशन (शब्द पक्का होण्याआधीची अवस्था) संपल्याचा इव्हेंट कीडाउनच्या, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटच्या, आधी येतो, तिथे कीकोड (कळीचा क्रमांक) २२९ आहे का हेही बघावं लागतं. यादीत प्रत्येक गावाखाली तालुका आणि जिल्हा दाखवा, आणि डेटाबेसमध्ये गावाचं नाव नाही, कोड साठवा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, तो चालतो. टाइप केलेला मजकूर कुठल्याच गावाशी जुळला नाही तर रकाना लाल करा, अंदाजाने काहीतरी भरू नका. ब्राउझरच्या तयार सूचना-यादीत, म्हणजे डेटालिस्टमध्ये, कोड वेगळा ठेवायची सोय नाही, म्हणून गावांसाठी मी ती वापरत नाही.

मराठीचे आणखी त्रास आहेत. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. त्यातला ऱ्ह पुन्हा दोन प्रकारे साठतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत जुळत नाहीत, आणि युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या प्रक्रियेनेही) एक होत नाहीत. दोन्ही एका रूपात आणायचा बदल स्वतःच्या कोडमध्ये करा, यादीतल्या नावांवर आणि टाइप केलेल्या मजकुरावर, दोन्हीकडे. "किमान तीन अक्षरांनंतर शोधा" हा नियमही इथे फसतो. "श्री" वाचताना एक अक्षर, जावास्क्रिप्टच्या मोजणीत चार. ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं, मोजायला गेलात तर पेण आणि वाई दोनातच संपतात आणि कधीच सापडत नाहीत.

बाकीचं नेहमीचंच. शेवटच्या कळीनंतर २०० ते ३०० मिलिसेकंद थांबून सर्व्हरला विनंती पाठवा, नवीन पाठवताना जुनी रद्द करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या यादीवर बसतं. माउसने निवडताना रकान्याचा फोकस आधी जातो आणि क्लिक पोचायच्या आत यादी बंद होते, तो फोकस माउसडाउनवरच, म्हणजे बटण दाबलं त्याच क्षणी, अडवा.

एक सांगायचं राहिलं. पहिला पर्याय आपोआप निवडणं सगळीकडे वाईट असतं असं नाही. कोड एडिटरमध्ये मला ते हवंच असतं, कारण चुकीचं नाव आलं तर तिथल्या तिथे कळतं. गावाची चूक तीन महिन्यांनी पोत्यांवरून कळली. टीम लीडशी माझा वाद एवढाच होता आणि तो मी अजून सोडलेला नाही. दिवसाला साठ अर्ज धरले तर बाणाच्या साठ कळा जास्त, आणि जुने अर्ज काढून तपासण्यात ताईंचे दोन आठवडे गेले.

आणि इजकंपोझिंग फक्त एंटर आणि बाणांपुरतं वापरा. अँड्रॉइडवर गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, जवळजवळ प्रत्येक शब्द कंपोझिशनमध्येच ठेवतो. तेवढा वेळ यादी थांबवलीत तर फोनवर स्पेस दाबेपर्यंत काहीच दिसणार नाही, आणि आमची मूळ चूकही तीच होती. चाचणी मराठी फोनेटिकवर करा, अर्ज शेजारी ठेवून, पडद्याकडे न बघता. ताई तसंच भरायच्या.