माइक नंतर घ्या, आधी खोली बघा

या वेळी घरच्या स्टुडिओबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत कुठला माइक घेऊ, कुठला इंटरफेस घेऊ हेच होतं. मी मात्र खोलीबद्दलची पत्रं आधी घेतोय, कारण पैसे आधी तिथं घालायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रभातवाल्यांनी कोल्हापुरातच केला, म्हणजे आवाज नीट पकडायची धडपड आपल्या गावाला जुनीच आहे.

प्रश्न : दादा, राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर १० बाय १० ची खोली आहे, उंची पण १० फूट, वर स्लॅब खाली टाइल्स. पोवाडे आणि भावगीतं रेकॉर्ड करतो. चारी भिंतींना १ इंची पिरॅमिड फोम चिकटवला, त्यात बरेच पैसे गेले. आता आवाज कोंदट येतोय पण खालचा एखादा स्वर मधेच घुमतो. टेबल-खुर्ची खोलीच्या मधोमध आहे. तिथं बसून बेस कमी वाटतो म्हणून वाढवतो आणि गाडीत लावलं की नुसतं दणदणतं. स्पीकर बदलू का?

उत्तर : स्पीकर अजिबात बदलू नकोस, दुसरे आणलेस तरी हेच होणार. तुझी खोली तिन्ही बाजूंनी सारखी आहे आणि दुखणं तिथंच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एका ठराविक लांबीची लाट बरोबर मावते आणि तो सूर खोलीत साठून राहतो. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याच्या दुपटीने ३४४ ला भागलं की ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं, येतात, मग त्याच्या पटीतले ११३, १६९ असे पुढं. एक बाजू १२ फूट असती तर तिचा सूर ४७ वर गेला असता आणि भार वाटला गेला असता, तुझ्याकडं लांबी, रुंदी, उंची तिघींचा सूर एकाच जागी येऊन बसलाय. खोलीच्या बरोबर मध्यात ५६ चा दाब जवळपास शून्य होतो म्हणून तुला बेस ऐकूच येत नाही, तू वाढवत राहतोस आणि तो वाढवलेला सगळा बेस गाडीत बाहेर पडतो. उलट त्याच मध्यात ११३ चा दाब सगळ्यात जास्त असतो. हार्मोनियमवर खर्जातल्या सफेद सहाच्या जवळचा सूर झाला हा, पुरुषाचा आवाज खाली उतरला की तिथनंच जातो. तुझा घुमणारा स्वर तो हाच.

आता फोमचं. भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही, ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव लाटेवर, आणि फोम असो की लोकर, हलणाऱ्या हवेलाच ते अडवू शकतं. १ इंचाच्या चौपट म्हणजे १० सेंटिमीटर, एवढीशी लाट असते साधारण ३४०० हर्ट्झची. म्हणजे १ इंची फोम शब्दांतली धार, स चा फुत्कार, टाळीची चमक एवढंच खातो, खालचं सगळं तसंच ठेवतो. ११३ ची लाट ३ मीटरची आहे, तिला इंचभर फोमनं काय फरक पडणार. चारी भिंती झाकल्यामुळं वरचं सगळं गेलं आणि खालचं राहिलं, तुला जो कोंदटपणा वाटतोय तो यातनंच आलाय. मी पण पहिल्या खोलीत हेच केलं होतं, दुकानदार म्हणाला सगळ्या भिंती भरा, मी भरल्या, आणि दोन वर्षं माझी सगळी कामं बाहेर नेली की चुकीची वाजत होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण ती दुसऱ्यांची गाणी होती.

तर आता एवढं कर. पहिलं, खुर्ची हलव, याला पैसे लागत नाहीत. टेबल एका भिंतीकडं घे, तोंड भिंतीकडं, आणि तुझं डोकं त्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर म्हणजे पावणेचार फुटांच्या आसपास येऊ दे, हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, मग खालचे सूर एक एक वाजवून अर्धा फूट पुढं मागं करून ऐक. दुसरं, निम्म्याहून जास्त फोम काढ. तिसरं, रॉकवूलचे, म्हणजे दगड वितळवून केलेल्या लोकरीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे ५० मिलिमीटरचे स्लॅब आण, दोन एकावर एक ठेवून ४ इंची पॅनल कर. चौकटीचं लाकूड टिंबर मार्केटमध्ये कापून मिळेल. वरून कापड इचलकरंजीचं साधं सुती, मांजरपाट चालतं, फक्त घेताना तोंडाला लावून फुंकून बघ, श्वास आरपार गेला तर आवाज पण जाईल, रेक्झिन किंवा प्लास्टिकचा थर असलेलं घेऊ नको. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, हे टाळू नकोस, अंगाला खूप टोचतं.

हे पॅनल आधी कोपऱ्यांत तिरके उभे कर, जमिनीपासून छतापर्यंत. खोलीतल्या सगळ्या साठलेल्या सुरांचा दाब कोपऱ्यात जमतो आणि तिरकं लावलं की मागं आपोआप पोकळी मिळते, तीच पॅनलला जाडी मिळवून देते. दार आडवं येत असेल तर तीन कोपरे कर, तरी चालेल. मग दोन पॅनल डाव्या उजव्या भिंतीला, आणि ते नेमके कुठं ते असं शोध : तू खुर्चीत बस, भावाला भिंतीला आरसा लावून सरकवायला सांग, आरशात स्पीकर जिथं दिसेल तिथं पॅनल. डोक्यावर छताला एक, भिंतीच्या पॅनलमागं ३-४ इंच जागा सोड. रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पॅनल लावायच्या आधी आणि नंतर एकदा मोज, म्हणजे पैसे कुठं कामाला आले ते डोळ्यांनी दिसेल. एवढं करून सुद्धा ५६ चा सूर पूर्ण जाणार नाही, चौकोनी ठोकळ्याची खोली आहे ती, पण ११३ वरचा घुमारा नक्की उतरेल आणि तुझे पोवाडे गाडीत पण तुझेच वाटतील.

प्रश्न : शिवाजी पेठेत जुन्या वाड्यात राहतो. मुलगी गाते, घरीच रेकॉर्ड करते. रस्त्यावरची वाहनं, शेजारचा टीव्ही, आणि गणपतीत तर डॉल्बी. अंड्यांचे ट्रे भिंतींना लावले तर खोली साउंडप्रूफ होते असं ऐकलंय, फुकटात मिळतात, लावू का?

उत्तर : ताई, लावू नका. दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. खोलीतला घुमारा कमी करणं हे मऊ, सच्छिद्र वस्तूंचं काम. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे वजनाचं आणि फटी बुजवण्याचं काम. अंड्यांचा ट्रे यातलं एकही करत नाही, पातळ पुठ्ठाच तो. आणि कागद धडाधड पेट घेतो. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं, तसं काही घरात व्हायला नको म्हणून मी हे प्रत्येकाला सांगतो, साध्या फोमच्या बाबतीत पण, त्याचा धूर विषारी असतो. वायरी आणि गरम होणारी यंत्रं असलेल्या खोलीत पेटणारी वस्तू भिंतीभर नको.

तुमच्या वाड्याच्या भिंती जाड आहेत, हे मोठं भाग्य आहे, नव्या फ्लॅटवाल्यांना ते विकत घेता येत नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबल जास्त अडतो, आणि तुमच्याकडं ते वजन पूर्वजांनीच घालून ठेवलंय. गळती आहे ती दार-खिडकीतनं. ३ फूट रुंद, ७ फूट उंच दाराखाली इंचभर फट असली तर ती दाराच्या १ टक्क्याहून थोडी जास्तच भरते, आणि तेवढ्या फटीमुळं ते दार २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही, मग दार सागवानी असो नाहीतर लोखंडी. म्हणून आधी फटी. दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी, खाली घासत बंद होणारी पट्टी, खिडकीच्या आतनं जाड काचेची दुसरी खिडकी, दोन्हींत जमेल तेवढं अंतर ठेवून आणि कडा सिलिकॉननं बंद करून. अंधारात आत उभं राहून पलीकडं दिवा लावला आणि उजेडाची रेघ दिसली तर आवाज पण तिथनंच येतोय समजा.

डॉल्बीचं खरं सांगतो, त्याचा बेस घरच्या उपायांनी थांबत नाही. ते दिवस रियाजाला ठेवा आणि रेकॉर्डिंग एरवी पहाटे करा.

प्रश्न : सर, विद्यापीठाजवळ भाड्याच्या खोलीत राहते, पॉडकास्ट करते. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही आणि बजेट हजार-दोन हजाराच्या आतच. आवाज बाथरूममध्ये बोलल्यासारखा येतो. काय करू?

उत्तर : घोंगडी आण. हे मी मनापासून सांगतोय. आपल्याकडची हातमागावरची जाड लोकरीची घोंगडी बोलण्याच्या आवाजासाठी पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगली पडते, आणि लोकर सहजासहजी पेट घेत नाही. घरी गावाकडं आजोबांची जुनी असेल तर तीच आण, काही खर्च नाही. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दुहेरी टाक आणि स्टँड भिंतीपासून वीतभर पुढं ठेव, मगाशी पाव लाटेचं सांगितलं तेच इथं पण.

पण ती कुठं लावायची यात बहुतेकजण चुकतात. ते माइकच्या मागं लावतात. नेहमीचा कार्डिऑइड माइक पाठीमागचं फारसं ऐकतच नाही, तो समोरचं ऐकतो, म्हणजे तू आणि तुझ्या पाठीमागची भिंत. तुझा आवाज पुढच्या भिंतीवर आपटून फिरतो आणि तुझ्या मागच्या भिंतीवरून परत माइकच्या तोंडात येतो. म्हणून घोंगडी तुझ्या पाठीमागं, शक्य असेल तर डाव्या उजव्या बाजूला गोधड्या, म्हणजे तू इंग्रजी यू च्या आत बसल्यासारखी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याला पाठ करून बसलीस तरी बराच फरक पडतो. माइक तोंडापासून साधारण वीतभर, एक फुटावरून अर्ध्या फुटावर आलीस की तुझा थेट आवाज ६ डेसिबल वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो. पंखा बंद. टाळी वाजवून बघ, टर्रर असा फडफडता नाद आला की दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत, त्यातल्या एकीवर काहीतरी टांग.

प्रश्न : तबला आणि पेटीसाठी खोली करतोय. जितकं जास्त शोषण तितकं चांगलं, बरोबर ना?

उत्तर : नाही. तबल्याच्या चाटीला आणि पेटीच्या भात्याला खोलीचा थोडा घुमारा लागतो, एकदम मेलेल्या खोलीत वाजवणाऱ्याचा हातच उठत नाही. वॉलेस सबाइन नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाला १८९५ मध्ये एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम दिलं होतं, तो रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा आणि किती गाद्यांनी घुमारा किती सेकंदांनी उतरतो ते मोजायचा. त्यातनं त्याचं सूत्र आलं आणि आज पण तेच वापरतात. त्या सूत्रानं १० बाय १० बाय १० च्या खोलीत घुमारा ०.३ सेकंदावर आणायचा तर साधारण १६० चौरस फूट पूर्ण शोषण, म्हणजे आलेला सगळा आवाज खाणारी जागा, लागतं, सहाही बाजू मिळून ६०० चौरस फूट होतात, म्हणजे पाव भागाला थोडं जास्त. लहान खोलीत हा अंदाजच धरायचा, आणि सोफा, सतरंजी, माणसं पण त्यात मोजायची. उरलेल्या भिंतींवर पुस्तकांचं उंच-सखल कपाट ठेवा, लाकडी पट्ट्या मारा. जमीन उघडी ठेवा, फक्त बैठकीखाली सतरंजी.

प्रश्न : गगनबावड्याकडं घर आहे. पावसाळ्यात पॅनलला बुरशी येईल का?

उत्तर : रॉकवूल कुजत नाही, पण त्याच्यावरचं कापड आणि लाकूड कुजतं, आणि भिजलेलं रॉकवूल काही शोषत पण नाही. बाहेरच्या भिंतीपासून किमान २ इंच सोडून टांगा, मागनं हवा खेळू दे, कापड सुटं काढून धुता येईल असं लावा. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात. ज्या भिंतीला ओल धरते तिला मात्र आत्ता काहीच लावू नका. उन्हाळ्यात आधी बाहेरनं गळती काढून घ्या, भिंत नीट वाळू द्या, पॅनल त्यानंतर.