पाकिटांवरची नावं थोरल्या जाऊबाईंना लिहू द्या

प्रश्न : माझ्या मुलाचं लग्न डिसेंबरात आहे. साडेचारशे पत्रिका छापून आल्यात. मुलगा म्हणतो, नावं-पत्ते एक्सेलमध्ये आहेतच, स्टिकर छापून चिकटवू, एका संध्याकाळचं काम. यजमानांना ते अजिबात पसंत नाही. छापील नावाचं पाकीट म्हणजे विजेचं बिल, घरच्या कार्याची पाकिटं हातानेच लिहायची, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही आणि मला नोकरी सांभाळून एवढं लिहिणं होणार नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं अक्षर फार सुरेख आहे. घरातल्या सगळ्या लग्नांची पाकिटं, अगदी माझ्या लग्नाचीसुद्धा, त्यांनीच लिहिली होती. पण भाऊजी गेल्यापासून शुभकार्यात त्या स्वतःच मागे राहतात, त्यामुळे तो प्रश्न नाही. विहीणबाईंकडची पाकिटं छापील आहेत. आमची हाताने लिहिलेली असली तर बरं दिसेल का? आणि नावामागे 'श्री. व सौ.' लिहावं की 'सौ. व श्री.'?
– एक वरमाय, सांगली

ताई,

'त्यामुळे तो प्रश्न नाही' असं म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत, तेवढंच मला तुमच्या पत्रात महत्त्वाचं वाटलं. स्टिकर, अक्षर, विहीणबाई हे सगळं त्यानंतर.

पत्रात मी एक वाक्य शोधत होते : 'मी त्यांना विचारलं, पण त्या नको म्हणाल्या.' ते वाक्य कुठेच नाही. मुलाचं मत तुम्ही विचारलंत, यजमानांचं ऐकून घेतलंत, विहीणबाईंची पाकिटं कशी आहेत याचीही चौकशी केलीत. ज्या बाईने तुमच्या लग्नाची पाकिटं लिहिली, तिला मात्र काही न विचारताच तिचं उत्तर तुम्ही गृहीत धरलंत.

'त्या स्वतःच मागे राहतात.' हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता त्याचा राग येतो. कुठलीही बाई आपण होऊन मागे राहायला शिकत नाही. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या बारशाला पाळण्यापाशी तिला कुणी हाक मारत नाही. हळदीकुंकवाचं तबक फिरतं आणि तिच्यासमोरून तसंच पुढे जातं. ओटी भरायची वेळ झाली की कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणतं, 'तुम्ही बसा हो वहिनी, दमला असाल.' असं काही वेळा झालं की ती शहाणी बाई पुढच्या कार्यात थेट स्वयंपाकघरात जाते आणि कपबशा विसळायला घेते. मग घरातले सुटकेचा श्वास टाकतात. 'त्यांनाच आवडत नाही पुढे पुढे करायला,' असं एकमेकांना सांगतात, आणि काही वर्षांत ते सगळ्यांना खरंही वाटू लागतं.

अशा बायकांना कामातून मात्र कुणी वगळत नाही. लाडू वळायला त्यांचा हात हवा असतो, निवडण-टिपण त्यांनी करायचं असतं, लग्नघर रिकामं पडलं की राखणीला त्यांनीच थांबायचं असतं. घाणा भरायचा, मुहूर्तमेढ रोवायची, नवऱ्यामुलाला हळद लावायची वेळ आली की सवाष्णींची हाकाटी सुरू होते. हे विधीसुद्धा सगळ्यांनी मिळून करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुम्ही तर त्याच्याही पुढे गेलात. पाकिटावर नाव-पत्ता लिहिणं हा विधी नाही. त्याला मुहूर्त नाही, मंत्र नाही. ते सवाष्णीनेच लिहावं असा नेम मी कुठल्याही घरात ऐकलेला नाही. जिथे रूढीनेसुद्धा दार लावलेलं नव्हतं, तिथे ते तुम्ही लावून घेतलंत.

आणि तुम्ही सांगलीच्या. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्यापासून किती लांब? मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. अख्ख्या गावाने चारचौघांत हात वर करून जे ठरवलं, त्यापुढे तुम्हाला करायचंय ते किती लहान आहे बघा. एक यादी, पाकिटांचा गठ्ठा आणि एक पेन घेऊन जाऊबाईंकडे जायचं.

उद्याच जा. फोन करू नका, मुलाच्या हाती पाठवू नका, आणि यजमानांना 'वहिनींशी बोलून घ्या' असंही सांगू नका. तुमच्या घरातली ही गोष्ट दोन जावांमधली आहे. 'मला वेळ नाही म्हणून' असं तर चुकूनही म्हणू नका, कारण त्याचा अर्थ 'आणखी एक काम उरलंय, तेवढं उरका' असा होतो. सरळ म्हणा, 'वहिनी, माझ्या लग्नाची पाकिटं तुमच्या हातची होती. माझ्या मुलाच्या लग्नाचीही तुमच्याच हातची हवीत.'

त्या नाही म्हणतील. 'मी कशाला, तुम्ही घ्या की लिहून,' असं म्हणतील, किंवा चष्म्याचं निमित्त काढतील. तेवढ्यावर उठून येऊ नका. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नसेल तर पहिला नकार हा निव्वळ सवयीचा असतो. चहा घ्या, थोडं इकडचं तिकडचं बोला आणि परत विचारा. खरोखरच हात दुखत असेल, डोळ्यांना त्रास होत असेल, तर साडेचारशेचा आग्रह धरू नका, त्यांना झेपतील तेवढी लिहू दे. पण एक पाकीट त्यांच्याच हातून लिहून घ्या : देवापुढे ठेवायचं पहिलं. त्यावर गणपतीचं आणि तुमच्या कुलदैवताचं नाव त्यांच्या अक्षरात असू दे. त्याला हळदकुंकू लावायची वेळ येईल तेव्हा त्यांना शेजारी उभं करा आणि करंडा आधी त्यांच्यापुढे धरा.

घरातलं कुणी कुजबुजेल. एखादी आत्या, एखादी मावशी 'अगं, त्यांच्या हातून?' असं विचारेलच. लग्नाच्या दिवसांत घरात वरमाईचा शब्द चालतो, हे तुम्हालाही माहीत आहे. साडीच्या रंगावरून, मानपानावरून तो चालवायचा असेल तर इथेही चालवा. 'माझ्या मुलाच्या लग्नाची पाकिटं कुणी लिहायची ते मी ठरवलंय,' एवढंच बोला आणि विषय बदला. खुलासे देत बसलात की समोरच्याला वाटतं, हिची स्वतःचीच खात्री नाही.

आता तुमच्या मुलाच्या स्टिकरचं. ते वाया घालवायचं कारण नाही. पुण्या-मुंबईला किंवा परराज्यात पोस्टाने, कुरिअरने जाणाऱ्या पत्रिकांना छापील पत्ताच बरा. तिथे पाकीट अनोळखी माणसांच्या हातांतून जातं आणि पत्ता स्वच्छ वाचता येणं महत्त्वाचं असतं. पिनकोड बिनचूक घाला. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेले हे गृहस्थ आपल्या कोकणातले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) जी पाकिटं तुम्ही घरोघरी जाऊन, अक्षता देऊन हातात ठेवणार, ती मात्र हाताने लिहिलेली हवीत. या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. विहीणबाईंची छापील आहेत म्हणून तुमचं काही उणं होत नाही आणि अधिकही होत नाही. त्याचा विचार सोडून द्या.

पाकिटं रिकामी असतानाच लिहायला द्या. आत पत्रिका आणि अक्षता भरल्या की कागद फुगतो आणि पेन अडखळतं. गुळगुळीत, चकचकीत कागद असेल तर जेलपेनची शाई लवकर वाळत नाही, म्हणून आधी एका पाकिटावर लिहून बोट फिरवून बघा. खराब होतील म्हणून वीसपंचवीस पाकिटं जास्तीची ठेवा. यादी मोठ्या अक्षरात छापून न्या, मोबाइलवर दाखवू नका. यादीत ज्या बायकांचे नवरे हयात नाहीत, त्यांना 'चि. अमुक आणि परिवार' असं मुलाच्या नावाखाली ढकलू नका. श्रीमती लिहून त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा. एक्सेलची यादी बहुतेक घरातल्या पुरुषाच्या नावाने बनते आणि या बायका त्यात गळतात. तुमच्या यादीत जाऊबाईंचं नाव कसं लिहिलंय ते तर उद्या निघण्यापूर्वीच बघा. मुलाच्या नावात गेलं असेल तर आजच बदला, कारण ती यादी त्यांच्या हातात जाणार आहे.

राहिलं 'श्री. व सौ.' की 'सौ. व श्री.'. तुमच्या घरातली इतकी पाकिटं ज्यांनी लिहिली, त्यांना विचारा आणि त्या म्हणतील तसं करा.