किशोरकुमारच्या योडलिंगमागचा जिमी रॉजर्स

तुम्ही विचारलंय की किशोरकुमारनं ज्याच्या रेकॉर्ड ऐकून योडलिंग (गाताना आवाज फोडून एकदम वरच्या पातळ आवाजात जाणं) उचललं असं सांगतात तो जिमी रॉजर्स कोण, तो स्वतः गाणी लिहायचा का, आणि ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी. मी ही गाणी पंचवीसेक वर्षं ऐकतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. नाव टाकून शोधलंत तर दोन जिमी रॉजर्स सापडतील. 1957 साली 'हनीकोम्ब' या गाण्यानं गाजलेला गायक वेगळा. त्याचा जन्मच 1933 चा, आणि आपला जिमी गेला तोही 1933 मध्येच. आपल्याला हवाय तो 1897 साली जन्मलेला, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा.

त्याचे वडील रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. आई लवकर गेली. पोरगा वडिलांच्या मागेमागे रुळांवर वाढला, गँगमधल्या काळ्या मजुरांना पाणी नेऊन द्यायचा आणि त्यांची गाणी कानात साठवायचा. मी स्वतः मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील पॉइंट्समन होते. रूळ सरकवताना एक गँगमन ओळ टाकतो आणि बाकीचे पहारीला जोर लावत ती झेलतात, हे मी रोज पाहिलंय. त्यामुळे जिमीच्या गाण्याचं मूळ मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे तो ब्रेकमन झाला. हे आपल्याकडच्या गार्डसारखं काम नव्हे. मालगाडीच्या डब्यांच्या टपावरून चालत जाऊन हातानं ब्रेकचं चाक फिरवायचं, डबे जोडायचे-सोडायचे, थंडीपावसातही. 1924 मध्ये क्षयाचं निदान झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. अंगमेहनतीची नोकरी झेपेना, आणि लहानपणापासून ओढ होती ते गाणंच पोटापाण्याचं साधन करायचं त्यानं ठरवलं.

ऑगस्ट 1927 मध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी नवे गायक शोधणारा राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन उतरला होता. जिमी तिथं साथीदारांबरोबर गेला, पण ऐन वेळी रेकॉर्डवर नाव कुणाचं यावरून फाटलं आणि 4 ऑगस्टला तो एकटाच गिटार घेऊन मायक्रोफोनसमोर उभा राहिला. दोन गाणी झाली. त्याच मुक्कामात, पुढे फार गाजलेल्या कार्टर या गायक कुटुंबाचंही पहिलं ध्वनिमुद्रण झालं.

आता तुमच्या मधल्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथंच खरी गंमत आहे. पीअरनं कंपनीशी असा करार केला होता की त्याची कमाई पगारातून नाही, तर गाण्यांच्या हक्कांतून व्हायची. त्यामुळे त्याला जुनी, कुणाच्या तरी मालकीची गाणी नको होती. नवी हवी होती, निदान नवी म्हणून नोंदवता येतील अशी. जिमी गीतकार झाला तो या गरजेतून. त्याच्याकडे कच्चा माल भरपूर होता: गँगची गाणी, फिरत्या तमाशांतली गाणी, काळ्या गायकांच्या तोंडी फिरणाऱ्या ब्लूजच्या, म्हणजे त्यांच्या दुःखाच्या गाण्यांच्या, सुट्या ओळी. त्या ओळी वेचून, जोडून, प्रत्येक कडव्याच्या शेवटी स्वतःचं योडल लावून त्यानं नोव्हेंबर 1927 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला 'ब्लू योडेल' मुद्रित केलं. लोक त्याला 'टी फॉर टेक्सास' म्हणतात. ही रेकॉर्ड लाखोंनी खपली आणि ब्लू योडेलची मालिकाच सुरू झाली. एकूण 13.

दुसरी गोष्ट बहुतेक लोक सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो. त्याची मेहुणी, बायकोची थोरली बहीण एल्सी मॅकविल्यम्स, हिनं त्याच्यासाठी कितीतरी गाणी लिहिली. जिमीला स्वरलिपी वाचता येत नव्हती, तिला येत होती. बऱ्याच गाण्यांवर तिचं नाव आहे. माझ्या मते 'गीतकार जिमी रॉजर्स' म्हणताना एल्सीचं आणि ज्यांची नावं कुठल्याच लेबलवर आली नाहीत त्या मजुरांचं देणं मोजायलाच हवं. त्यानं जिमी लहान होत नाही. ओळी बऱ्याच जणांकडे होत्या, त्यांना असा आवाज दुसऱ्या कुणी दिला नाही.

कुठून सुरू करावं, तर 'वेटिंग फॉर अ ट्रेन' पासून. 1928 मध्ये अटलांटात मुद्रित झालेलं. हेही मुळात जुनंच गाणं, पण त्यानं ते आपलं केलं. खिशात दमडी नसलेला माणूस पाण्याच्या टाकीजवळ गाडीची वाट बघतोय, घर हजार मैल लांब. तो ब्रेकमनला गळ घालतो, ब्रेकमन विचारतो पैसे आहेत का, आणि नाहीत म्हटल्यावर त्याला उतरवून डब्याचं दार आपटतो. गाणारा स्वतः ब्रेकमन होता. आयुष्यभर ज्या बाजूनं दार लावलं, त्याच्या पलीकडे उभं राहून तो गातोय. सुरुवातीला गळ्यातूनच काढलेली इंजिनाची शिट्टी आहे, आणि मागे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य), क्लॅरिनेट. माझ्या वडिलांना मी हे ऐकवलं तेव्हा त्यांना इंग्रजी शब्द कळत नव्हते. शिट्टी ऐकून म्हणाले, "रात्रीची मालगाडी आहे ही." 1929 च्या 'द सिंगिंग ब्रेकमन' या छोट्या बोलपटात तो हेच गाणं गाताना दिसतो. तो जरूर बघा.

मग 'ब्लू योडेल नंबर 9' घ्या. जुलै 1930, हॉलिवूड. ट्रम्पेटवर जॅझचा नामवंत वादक लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर त्याची पत्नी लिल. लेबलवर दोघांचंही नाव नव्हतं. गोरा गायक आणि काळे वादक अशी जोडी त्या काळी विरळाच. जिमी मात्रांचा हिशेब फार पाळत नसे, आणि आर्मस्ट्राँग त्याला किती सांभाळून घेतो ते ऐकण्यासारखं आहे.

किशोरकुमारबद्दल. भाऊ अनूपकुमारच्या संग्रहातल्या जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन (हाही योडल गाणारा, न्यूझीलंडचा) यांच्या रेकॉर्ड ऐकून तो शिकला असं सांगितलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे. छातीचा आवाज फोडून एकदम वरच्या पातळ आवाजात जायचं, ही युक्ती दोघांची एकच. पण 'मैं हूँ झुमरू' मधलं योडल उड्या मारत जातं, जिमीचं संथ उतरतं, हुंदक्याच्या जवळचं. आपल्याकडे ते मस्तीचं झालं, मुळात ते एकटेपणाचं होतं. जिमीचा आवाज आणखीही लांब गेला. केनियातल्या किप्सिगिस लोकांनी ग्रामोफोनवर तो ऐकला आणि त्याचं 'चेमिरोचा' करून टाकलं, अर्धा माणूस अर्धं हरीण. त्यावरचं तिथल्या मुलींचं गाणं आफ्रिकेतलं लोकसंगीत जमवणाऱ्या ह्यू ट्रेसीनं 1950 मध्ये मुद्रित केलंय. ऐकताना अंगावर काटा येतो.

एकूण सुमारे 110 गाणी, सगळी सहा वर्षांत. बेअर फॅमिली या जर्मन कंपनीनं ती सहा सीडींमध्ये क्रमानं काढलीत. क्रमानंच ऐका, कारण आजारही त्याच क्रमानं पुढे सरकतो. 1931 च्या 'टी. बी. ब्लूज' मध्ये तो स्वतःच्या क्षयावरच गातो. हे गाणं त्यानं टेक्सासच्या तुरुंगातल्या रेमंड हॉलबरोबर लिहिलं. तोवर मंदी आली होती, रेकॉर्डचा खप कोसळला होता, आणि हवापालटासाठी टेक्सासमध्ये केर्व्हिलला बांधलेलं मोठं घरही विकावं लागलं.

मे 1933 मध्ये तो न्यू यॉर्कला शेवटच्या ध्वनिमुद्रणाला गेला. स्टुडिओत खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो तिथं आडवा व्हायचा, मग उठून पुढचं गायचा. शेवटचं मुद्रण 24 मे रोजी झालं आणि 26 मेला हॉटेलच्या खोलीत तो गेला. वय 35. देह आगगाडीनंच मेरिडियनला नेला. त्या शेवटच्या दिवसातलं 'इयर्स अगो' एकदा लावा, त्यात तो पुन्हा एकटाच आहे, फक्त गिटार, ब्रिस्टलमध्ये होता तसा. आणि लगेच 'टी फॉर टेक्सास' लावा. ओळींच्या मधला श्वास ऐका.