काडाची भिंत तोरणमाळला टिकेल का?

प्रश्न : आप्पा, तोरणमाळजवळ आमचं थोडं शेत आहे. तिथं राहायला दोन खोल्या काढायच्यात. हिवाळ्यात रात्री हाडं गोठतात. मोबाइलवर परदेशातली, काडाच्या गाठी रचून माती लिंपलेली घरं पाहिली. बर्फातही आत ऊब असते म्हणे. आपल्याकडे जमेल का? भुसा तर घरचाच आहे.
— एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, आधी भुशाचं बोलू. मळणीयंत्रातून निघालेला भुसा गाऱ्यात कालवला तर भिंतीला तडे कमी जातात, एवढंच. ऊब धरते ती लांब, पोकळ, कोरडी काडं. त्यांच्यात अडकलेली हवा थंडी अडवते. अमेरिकेत नेब्रास्कात लोकांनी अशी घरं बांधली, कारण तिथं झाडं नव्हती आणि गाठी बांधणारी यंत्रं नुकती आली होती. त्यांचा हिवाळा महिनोन् महिने हटत नाही. तोरणमाळला दुपारी ऊन असतं. ते ऊन साठवायचं काम मातीचं, काडाचं नाही.

म्हणून गाठींच्या भिंती मी तुम्हाला सांगणार नाही. तिथला पाऊस तुम्ही मला सांगायला नको! गाठीत ओल वीस टक्क्यांवर गेली की काड आतून कुजतं, आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

आपलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आठवा. भार लाकडी खांबांवर, भिंत फक्त आडोसा. भिंत पडली तरी धाबं उभं. तोच खांबांचा सांगाडा करा. दक्षिणेची, पूर्वेची, पश्चिमेची भिंत दीड फूट जाड मातीची. दक्षिणेला मोठी खिडकी, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत येईल. उत्तरेला ऊन नाही, तिथं काड वापरा : पातळ मातीच्या रबडीत गव्हाची लांब काडं घोळून, फळ्यांच्या मध्ये फूटभर जाड ठासायची. ही भिंत वाळायला महिने लागतात. दिवाळी झाली की सुरू करा, मृगाच्या आत कोरडी झाली पाहिजे. चारा घालू नका. त्यात दाणे राहतात, मग उंदीर. हार्वेस्टर फिरलेल्या शेतातली काडं तुटकी मिळतात, तेव्हा विळ्यानं कापलेली मागून ठेवा.

माती तिथलीच घ्या. इथून काळी नेऊ नका. तापीकाठची काळी कापसाला सोनं, भिंतीला वैरी : पावसात फुगते, उन्हात फाटते.

जोतं दगडाचं, दोन फूट तरी उंच. वळचण दोन फूट बाहेर. वाळवी ओलीच्या वाटेनं चढते, जोत्यावर तिचे मातीचे पोपडे दिसले की लगेच खरवडा. गिलावा मातीचा, वर चुन्याचा. सिमेंट अजिबात नाही. हे मी स्वतःच्या पैशानं शिकलो. अमळनेरकडच्या मळ्यात मातीच्या खोलीला हौसेनं सिमेंटचा गिलावा केला. मामा बघून म्हणाला, "भीतले घाम येस रे भाऊ." म्हणजे भिंतीला घाम येतो. मी हसलो. दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटला आणि मागची माती हाताला ओली लागली.

खिडकीला रात्री आतून जाड गोधडी लावा. दिवसभर साठलेली ऊब काचेतूनच सगळ्यात आधी पळते.