एक ना धड, भाराभर चिंध्या?

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर, वय २५, गाव जत तालुक्यात. पाणीपुरवठ्याची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराकडे साइटवर नोकरी करते. टाकी बांधून होते, पाइप टाकून होतात, बिलं निघतात आणि उन्हाळ्यात पुन्हा टँकर येतो. यावर थिसिस करता येईल असं आंतरशाखीय एम.टेक. करावंसं वाटतं. विषयही ठरवलाय : ‘दुष्काळी भागातील पाणीप्रश्न’. बाबा म्हणतात, स्ट्रक्चर्स (इमारतींची डिझाइन्स शिकवणारी शाखा) घे, बाकी सगळं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. काय करू? आणि गाइड कुठल्या शाखेचे घेऊ?

उत्तर : बाबांची म्हण तुला लागू नाही, पण तुझ्या शीर्षकाला चपखल बसते. ‘दुष्काळी भागातील पाणीप्रश्न’ हा मंत्र्यांच्या भाषणाचा विषय झाला. दोन वर्षांच्या थिसिसला एक योजना आणि एक नेमका प्रश्न पुरतो.

तुझ्याच साइटवरची एखादी योजना घे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं असतं, हे तू जाणतेसच. टाकीची उंची, पाइपचे व्यास, चढउतार हे सगळं ईपानेटमध्ये, म्हणजे पाइपांच्या जाळ्यातून पाणी कसं वाहील ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भर. ते फुकट आहे. शेवटच्या वस्तीवर किती पाणी पोचायला हवं ते त्यातून कळेल. मग बादली आणि घड्याळ घेऊन त्या वस्तीवर जा आणि किती पोचतं ते मोज. आकडे जुळले नाहीत तर तिथून तुझा थिसिस सुरू होतो. मधल्या घरांनी नळाला थेट मोटर लावली असेल, तर ती का लावली? पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून? व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा पगार किती महिने थकलाय? पाणीपट्टी कोणत्या आळीतून येत नाही, आणि त्या आळीला आधी पाणी येत होतं का? मोटरमुळे पुढच्या पाण्याचा दाब कमी होतो हे इंजिनिअर सांगेल. लोकांनी मोटर का लावली हे तो विचारणार नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, पण दाब मोजणार नाही. तुला दोन्ही करायचंय, म्हणून वाचनही दुप्पट.

आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र १९८५ पासून आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून (CTARA) सगळे त्याला ‘सितारा’ म्हणतात. तिथं ‘टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट’मध्ये एम.टेक. २००७ मध्ये सुरू झालं. गावातला मुक्काम अभ्यासक्रमाचाच भाग आहे. प्रवेशाला गेट ही प्रवेश परीक्षा लागते. परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे गेटच्या अर्जासाठी उन्हाळा संपेपर्यंत थांबलीस तरी चालेल. तोवर बादली भरत राहा.

गाइड एकच मुख्य हवा, ज्याचं दार तुला ठोठावता येईल असा. दुसऱ्या शाखेतला सह-मार्गदर्शक पहिल्याच सत्रात गाठ. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हायड्रॉलिक्सचे सर विचारतील, मॉडेलचं कॅलिब्रेशन कसं केलंस, म्हणजे ते प्रत्यक्ष मोजमापांशी कसं जुळवलंस? समाजशास्त्राच्या मॅडम विचारतील, हीच घरं का निवडलीस? दोन्ही उत्तरं फील्डवर जाण्याआधी लिहून दोघांना दाखव. नंतर सारवासारव करता येत नाही, मी बऱ्याच मुलांना घाम फुटलेला पाहिलाय.

आता बाबांच्या बाजूने एक. प्राध्यापकीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ अशी अट असते आणि तुझी ही एम.टेक. सिव्हिलशी संबंधित धरायची की नाही, यावर छाननी समितीत वाद होऊ शकतो. प्राध्यापकीच करायची असेल तर जुन्या जाहिराती काढून वाच, जिथं शिकवायचंय त्या विभागात विचार. पाणी किंवा ग्रामविकासातल्या संस्थेत, सरकारी प्रकल्पात किंवा पुढे पीएच.डी.त जायचं असेल तर ही अट फारशी आड येणार नाही. आणि इमारतींची डिझाइन्स करत स्वतःचं ऑफिस थाटायचं मनात असेल, तर बाबांचं ऐक, स्ट्रक्चर्स घे.