पदवी तीच, पण बुधवार कुणाचा?

प्रश्न : माझा मुलगा १८ वर्षांचा आहे. ए-लेव्हलला (इथली बारावीच म्हणा) केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी. एका विद्यापीठाची रसायनशास्त्राची ऑफर हातात आहे आणि एका केमिकल कंपनीने त्यांच्या ॲनालिटिकल लॅबमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता पदवी, देऊ केली आहे. आमच्या ह्यांना ‘अप्रेंटिस’ म्हटलं की एमआयडीसीच्या गेटवरचा निळा युनिफॉर्म आठवतो; ‘एवढ्यासाठी का इंग्लंडला आलो?’ म्हणतात. ही पदवी खरी असते का? पुढे पीएचडी करता येते का? आम्हाला इथे येऊन ४ वर्षं झाली, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) अजून नाही. पुण्यातला माझा भाचाही याबद्दल विचारतोय.
– एक वाचक, चेशायर

उत्तर : पदवी खरी असते. लेव्हल ६ म्हणजे इथली पूर्ण बॅचलर्स, आणि प्रमाणपत्र विद्यापीठच देतं. पूर्णवेळ कॉलेज ३ वर्षांत संपतं, इथे साधारण ५ लागतात. पीएचडीचा रस्ता बंद होत नाही, मात्र तिथे बहुतेक ठिकाणी फर्स्ट किंवा टू-वन, म्हणजे वरच्या दोनपैकी एक क्लास, मागतात. नोकरी करून तो क्लास आणायचा, म्हणजे मुलाचा कस लागणार.

यजमानांच्या निळ्या युनिफॉर्मवर मी हसणार नाही, कारण मीही तसाच नाक मुरडणारा विचार घेऊन इथे उतरले होते. एमएस्सी झालेली. आमच्या कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) होतं, पण काचेच्या केबिनमध्ये. चाळीस जणांना रांगेने दाखवलं आणि दार बंद. रिटेन्शन टाइम, व्हॅन डीम्टरचं समीकरण, सगळं तोंडपाठ. पहिल्या नोकरीत तिसऱ्याच आठवड्यात, संध्याकाळी घरी जायच्या घाईत, मी मशीन फॉस्फेट बफरवरून थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइलवर टाकलं. प्रेशर चढत गेलं, चढतच गेलं आणि पंप बंद पडला. फॉस्फेट ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाही, मीठ कॉलमच्या, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीच्या, तोंडाशीच साकळलं. कॉलम फुकट गेला. शेजारच्या बाकावर एक १९ वर्षांची अप्रेंटिस होती. डिग्री अप्रेंटिसशिप इंग्लंडमध्ये आली २०१५ मध्ये आणि ही गोष्ट त्याच्या आधीची, त्यामुळे ही साध्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सची. तिने हसू दाबत सांगितलं, आधी भरपूर पाण्याने बफर धुऊन काढायचा, मग सॉल्व्हंट. माझ्या दोन पदव्यांत हे वाक्य कुठेच नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण कंपनीच्या माहितीपत्रकात ती सापडणार नाही.

अप्रेंटिसच्या अभ्यासाचा वेळ पगारी कामाच्या तासांतूनच द्यायचा, असा नियम आहे. समजा, त्यासाठी बुधवार ठरला. पण बुधवार लॅबला कळत नाही. लोडिंग बेवर टँकर उभा असतो, नमुना पास झाल्याशिवाय तो हलत नाही, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो, आणि क्रोमॅटोग्राम (त्या मशीनने काढलेला आलेख) वाचू शकणारा एकच मोकळा माणूस दिसतो : लॅपटॉपवर लेक्चर लावून बसलेला अप्रेंटिस. त्याला मी स्वतः उठवलंय. दोनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘सॉरी, आज नाही,’ आणि हेडफोन परत लावला. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तो टिकला तो त्या ‘नाही’मुळेच. त्याच्या आधीचा मुलगा हुशार होता, पण कुणालाच नाही म्हणायचा नाही. असाइनमेंट साचत गेल्या आणि दुसऱ्या वर्षी त्याने सोडून दिलं.

म्हणून मुलाला सांगा, कंपनीत तिसऱ्या वर्षाला असलेल्या अप्रेंटिसशी बोलायचं आहे असं स्पष्ट विचार. मॅनेजर खोलीत नसताना. गेल्या महिन्यात अभ्यासाचे किती दिवस खरंच मिळाले, एवढंच विचारायचं. भेट घालून द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर तेही उत्तरच समजा. आणि काम बदलत राहणार का, हेही विचारा. कार्ल फिशर पद्धतीने नमुन्यातल्या पाण्याचं प्रमाण काढायला एक महिना मजा येते. ५ वर्षं तेच केलं तर माणूस रसायनशास्त्रज्ञ होत नाही, कार्ल फिशर मशीनचाच एक भाग होतो. क्वालिटी कंट्रोलबरोबर मेथड डेव्हलपमेंट (तपासणीच्या नव्या पद्धती बसवणं) आणि थोडा प्लांट मिळायला हवा. (प्लांटवर नमुना घ्यायला जाताना ओव्हरऑल घालावा लागतो. रंगाची खात्री मी देत नाही.) त्या पदवीला रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची मान्यता आहे का, हे विद्यापीठाच्या पानावर दोन मिनिटांत कळतं.

पैशाचं गणित सोपं आहे. विद्यापीठात इथल्या विद्यार्थ्याला २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. अप्रेंटिसला फी भरावी लागत नाही, उलट पगार मिळतो. कंपनी यात उपकार करत नाही : वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर असेल, तर एप्रिल २०१७ पासून त्या वरच्या रकमेवर ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, भरावी लागते, आणि तोच पैसा प्रशिक्षणासाठी वापरता येतो. मुलाने मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करायला नियमांची परवानगी नाही. करारात तसं कलम दिसलं, तर सही करण्याआधी विचारा.

एक धोका मात्र खरा आहे. विद्यार्थ्याचं विद्यापीठ सहसा बंद पडत नाही, कारखाना पडू शकतो. स्कॉटलंडमधली ग्रेंजमाउथची तेल रिफायनरी १९२४ पासून चालू होती, एप्रिल २०२५ मध्ये तिथलं शुद्धीकरण थांबलं. नोकरी गेली की अप्रेंटिसला उरलेल्या पदवीसाठी सहसा नवी कंपनी शोधावी लागते. तेव्हा कंपनीची एकच साइट आहे की अनेक, तिथे नवीन गुंतवणूक होते आहे की नुसती डागडुजी, हे बघा. हे काम यजमानांना द्या. एमआयडीसी पाहिलेल्या माणसाला गेटवरूनच अंदाज येतो.

माझं मत विचाराल तर, मुलाला भांडी धुण्यापासून नोंदवहीपर्यंत लॅब आवडत असेल आणि तो ‘नाही’ म्हणू शकत असेल, तर कंपनी. त्याला सैद्धांतिक किंवा क्वांटम केमिस्ट्रीची ओढ असेल, तर बेलाशक विद्यापीठ. ऑगस्टच्या निकालापर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवायला हरकत नाही.

आता व्हिसा. तुमच्यासाठी कदाचित इथेच निर्णय होईल. आयएलआर नसताना स्टुडंट लोन सहसा मिळत नाही आणि विद्यापीठ बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी लावतं, ती कितीतरी जास्त. अप्रेंटिसशिपचा निकष वेगळा आहे : शिक्षणाखेरीज इतर कारणासाठी इथे राहायची परवानगी आणि सुरुवातीच्या आधी सलग ३ वर्षांचं वास्तव्य. मुलगा तुमच्याबरोबर डिपेंडंट म्हणून ४ वर्षांपूर्वीच आला असेल, तर तो त्यात बसायला हवा; कागद कंपनीच्या एचआरला आणि विद्यापीठाला आत्ताच दाखवून ठेवा. भाच्याला मात्र स्टुडंट व्हिसावर येऊन हे करता येणार नाही. त्याने आयईएलटीएसची फी भरण्याआधी हे त्याच्या आईला सांगा.